दोन चित्रांच्या मधली भिंत

पोर्तो शहरात एका शनिवारी, एकाच संध्याकाळी
नऊ गॅलऱ्यांची दारं उघडतात,
आणि एव्हारिस्तो इस्त्रीचा शर्ट घालून
माझ्या दाराची कडी वाजवतो.
कानामागे पांढऱ्याचा एक ठिपका राहिलेलाच असतो.
पूर्वी मी सांगायचे, आता नाही सांगत.

पहिली गॅलरी म्हणजे आधीचं टोप्यांचं दुकान.
माणसं भिंतीकडे पाठ करून एकमेकांना बघतायत,
गालाला गाल, आधी उजवा मग डावा,
प्लास्टिकच्या पेल्यात कोमट वाइन,
एका बाईच्या चष्म्याची फ्रेम
तिच्यामागच्या चित्राहून जाड.
एव्हारिस्तो थेट भिंतीशी जातो,
नाक टेकेल इतका जवळ,
दोन चित्रांच्या मधे, जिथं काहीच नाही तिथं.
लोकांना वाटतं, कुणी जाणकार दिसतो.
एक पोरगेला दाढीवाला शेजारी येऊन थांबतो,
मान तिरकी करून
तोही बराच वेळ काहीच नाही बघतो.

"मार्चमध्ये इथं दारापेक्षा मोठा आरसा होता,"
एव्हारिस्तो माझ्या कानात,
"चार बोल्ट, बोटभर खोल.
लांबी भरली, घासली, परत भरली.
सांग बघू कुठं?"
मला नाही सापडत.
झाली त्याची संध्याकाळ वसूल.

दुसरीला जायला चढ आहे, ग्रॅनाइटच्या झिजलेल्या पायऱ्या,
वर कुणाच्या तरी छपरावर सीगल भांडतायत.
त्याला धाप लागते, बोलणं मात्र चालूच.
पांढरा काय एक असतो, बाई?
दोना ओफेलियाला दुधाळ हवा,
गॅरेजवाल्यांना निळसर, दवाखान्यातला,
आणि मजुरीचं नाव काढलं
की सगळेच पांढरे पडतात.

गॅरेजात भाषण.
क्युरेटर म्हणते, ही मांडणी
अनुपस्थितीशी संवाद साधते.
एव्हारिस्तो कॉडचा वडा तोंडात धरून मान डोलावतो.
"कोण आलं नाही?"
"माहीत नाही."
"मग वडे उरतील."

तिसरी, चौथी.
पाचवीत नुसता अंधार आणि कुणाचा तरी श्वास, स्पीकरवर.
अंधाराला रंग लागत नाही, म्हणून तो बाहेरच थांबला.

सहावीच्या मागच्या अंगणात, कचऱ्याच्या डब्यांपाशी
चित्रकार बेनेदिता सिगारेट नुसतीच धरून उभी.
आत लाल टिकल्या दोनच लागल्यात,
त्यातली एक तिच्या मावशीची.
मी काहीतरी गोड बोलायला शब्द शोधत होते,
तेवढ्यात हा म्हणतो,
"तुमचा तो मोठा निळा आहे ना,
तो माझ्या भिंतीवर आहे. सरळ टांगलाय.
लेव्हल लावून पाहिलं मी."
ती नाक पुसत विचारते, "आणि कसा वाटतो?"
तो विचार करतो. खरंच करतो, घाई नाही.
"भिंतीला शोभतो."
ती हसली ते आतपर्यंत ऐकू गेलं.

परतताना दाराशी
एक लहान मुलगी, कंटाळून पेंगुळलेली,
भिंतीला हात टेकून बूट काढत होती.
गेली, आणि मागे चार बोटं,
वड्याच्या तेलाची, गुडघ्याएवढ्या उंचीवर.
एव्हारिस्तो गुडघे मोडत खाली बसला.
गर्दी त्याला वळसा घालून जात राहिली,
एकीने फोटोही काढला.

"सोमवारी रंगवशील?"
"रंगवीन. पण तेल वर येतं,
कितीही थर दे, महिन्याभरात खालून वर येतं."

मला त्याचं स्वयंपाकघर आठवलं,
शेगडीवरचा तो पिवळा तपकिरी ढग,
लुर्देसच्या तळणाचा, तीन वर्षांपूर्वीचा शेवटचा.
शहरभर पांढरं करत फिरतोस, म्हटलं,
तुझ्या घरची ती भिंत तेवढी राहिली.

"तिचं अजून उद्घाटन झालेलं नाही,"
तो माझ्या खांद्याला धरून उठत म्हणाला,
"चल, सातवीत ऑलिव्ह चांगले असतात."